होडीखालची फळी : लाकूड, तांबे आणि लोखंड यांच्या जुन्या वैराची गोष्ट

१/
अमेरिकेत मोटारीमागे ट्रेलर जोडून, त्यावर होडी ठेवून ती तलावापर्यंत किंवा खाडीपर्यंत नेण्याची रीत घरोघरी आढळते. ट्रेलरवर होडीचा तळ ज्या दोन किंवा चार लांब लाकडी फळ्यांवर टेकतो, त्यांना ‘बंक’ म्हणतात. काही वर्षांनी या फळ्या कुजतात, त्यांच्यावर ठोकलेले जाजम फाटते आणि मालकापुढे प्रश्न उभा राहतो : नवी फळी कशाची घ्यावी?

२/
प्रश्न सुताराच्या दुकानात सुटावा इतका साधा वाटतो. पण त्याच्या उत्तरात अठराव्या शतकातील एक ब्रिटिश युद्धनौका, मुंबईची गोदी, लंडनच्या नदीकाठी अडून बसलेले एक महाकाय जहाज आणि देहरादूनच्या प्रयोगशाळेतील एक भारतीय शास्त्रज्ञ, असे सारे दडलेले आहेत. आजचा धागा त्या फळीविषयी आहे. थोडा दीर्घ आहे, सवडीने वाचावा.

३/
आरंभ एका साध्या गोष्टीपासून करू. पाणी होडीला सर्व बाजूंनी सारखे उचलून धरते. तळाच्या प्रत्येक वितीवर त्याचा हात असतो. जमिनीवर आल्यावर मात्र तेच ओझे मोजक्या ठिकाणी टेकते. पाण्यात शंभर वर्षे तरेल असे जहाज जमिनीवर चुकीच्या आधारामुळे काही दशकांत वाकू शकते. म्हणून गोदीच्या इतिहासात ‘जहाज कसे बांधावे’ याइतकाच ‘जहाज कशावर ठेवावे’ हाही प्रश्न जुना आहे.

४/
याचे सर्वांत प्रसिद्ध उदाहरण म्हणजे ट्रफाल्गरच्या लढाईतील नेल्सनचे जहाज ‘व्हिक्टरी’. १९२२ पासून ते पोर्ट्‌समथच्या कोरड्या गोदीत उभे आहे. त्याला जे पोलादी पाळणे दिले गेले, ते एकमेकांपासून अंतर राखून होते. दशके लोटली तशी तळाची लाकडे दोन पाळण्यांच्या मधल्या जागेत खचू लागली. जहाजाला जहाजाचेच वजन सोसवेना. अखेर अलीकडे १३४ नवे आधार बसवण्यात आले. पाणी जसा भार वाटून घेते, तसा तो वाटला जावा हा त्यामागचा हेतू.

५/
ट्रेलरवरच्या फळीचेही काम हेच. ती पुरेशी लांब हवी, होडीच्या आतील उभ्या वाशांना समांतर हवी आणि मागच्या टोकाला, जिथे इंजिनाचे वजन लोंबते तिथपर्यंत पोहोचलेली हवी. फळी आखूड पडली तर होडीचा तळ त्या टोकाशी वाकतो आणि तो बाक पुढे पाण्यातही सरळ होत नाही.

६/
म्हणजे या एका फळीकडून आपण चार गोष्टी मागतो. तिने भार पेलावा. ओल्याकोरड्याच्या फेऱ्यांत कुजू नये. होडी चढवता-उतरवताना सहज सरकू द्यावी. आणि जिला ती आधार देते, त्या होडीला अपाय करू नये. या चार मागण्या एकमेकींशी भांडतात. हे भांडण पश्चिम युरोपच्या गोद्यांनी, आपल्या किनाऱ्याने आणि नंतर अमेरिकेने कसे सोडवले, ते क्रमाने पाहू.

७/
प्रथम सरकण्याचा प्रश्न. नवे जहाज पाण्यात ढकलण्यासाठी युरोपात उतरती लाकडी घसरगुंडी बांधत. तिच्यावर चरबी आणि साबणाचा जाड थर देत आणि जहाजाचा लाकडी पाळणा तीवरून सोडत. लाकूड, त्यावर चरबी, त्यावर पुन्हा लाकूड. शतकानुशतके हीच रीत होती. पण ‘किती उतार, किती चरबी, किती वेळ’ हे केवळ मिस्त्रीच्या अनुभवावर चाले.

८/
फ्रेंच सैन्यातील अभियंता शार्ल कूलोम याने हा अनुभव आकड्यांत बसवला. विद्युतशास्त्रातला कूलोमचा नियम आपण शाळेत शिकतो, तोच हा कूलोम. रॉशफोर या नाविक बंदरात त्याने ओकच्या लाकडावर ओक घासून, कोरडे आणि चरबी लावलेले, असे असंख्य प्रयोग केले. या कामाबद्दल १७८१ साली पॅरिसच्या विज्ञान अकादमीने त्याला पारितोषिक दिले.

९/
त्याचा एक निष्कर्ष आपल्या फळीसाठी मोलाचा आहे. दोन लाकडे एकमेकांवर जितका अधिक काळ स्थिर राहतात, तितके त्यांना हलवण्यासाठी अधिक बळ लागते. हलू लागल्यावर मात्र कमी बळ पुरते. हिवाळाभर ट्रेलरवर ठेवलेली होडी वसंतात पहिल्यांदा उतरवताना जागची हलत नाही, याचे कारण अडीच शतकांपूर्वी रॉशफोरच्या बंदरात मोजले गेले होते.

१०/
आता हा धडा ज्याने बाजूला ठेवला, त्याची गोष्ट. इझम्बार्ड ब्रुनेल हा इंग्लंडचा थोर अभियंता. त्याचे ‘ग्रेट ईस्टर्न’ हे जहाज त्या काळातील सर्वांत मोठे. लांबी ६९२ फूट, जलावतरणाच्या वेळचे वजन सुमारे १२,००० टन. थेम्स नदी अरुंद असल्याने ते आडवे, कुशीवर सरकवत पाण्यात न्यायचे ठरले.

११/
ब्रुनेलने लाकडावर लाकूड ही जुनी रीत सोडली. उतारावर त्याने रेल्वेचे लोखंडी रूळ टाकले आणि पाळण्यांच्या तळाला लोखंडी पट्ट्या बसवल्या. लोखंडावर लोखंड. एवढे धूड एकदम सुटू नये, सरकणे आपल्या हाती राहावे, ही त्याची इच्छा. ३ नोव्हेंबर १८५७ रोजी हजारो बघ्यांसमोर प्रयत्न झाला. जहाज काही फूट हलले, साखळीच्या रहाटाचे दांडे उलटे फिरले, कामगार उडाले, त्यांतील एकाचा मृत्यू झाला. आणि जहाज थांबले.

१२/
पुढचे जवळपास तीन महिने ते इंचाइंचाने ढकलावे लागले. पाण्याच्या दाबावर चालणारे प्रचंड दट्टे आणून लावले, त्यांतले काही फुटले. अखेर ३१ जानेवारी १८५८ रोजी भरतीच्या पाण्यावर ते तरंगले. कंपनीचा खजिना तोपर्यंत आटला होता. बुद्धी, पैसा आणि यंत्रे सारे हाताशी असताना केवळ दोन पृष्ठभागांच्या निवडीने एवढी किंमत घेतली. कशावर काय घासणार, हा प्रश्न बारीक नसतो.

१३/
दुसरा प्रश्न कुजण्याचा. लाकडाचा स्वभाव असा की कायम कोरडे राहिले तर ते टिकते आणि कायम पाण्याखाली राहिले तरी बुरशीपासून वाचते, कारण बुरशीला हवा लागते. घात होतो तो ओले आणि कोरडे यांच्या फेऱ्यांत. ट्रेलरवरच्या फळीचे सारे आयुष्य याच फेऱ्यांत जाते. त्यातून तिच्यावर जाजम ठोकले तर ओल धरून ठेवणारी गादीच तिला मिळते.

१४/
समुद्रात आणखी एक शत्रू असतो : लाकूड पोखरणारा, शिंपल्यांच्या कुळातला टेरेडो. बाहेरून फळी धडधाकट दिसते आणि आतून तिचे मधमाश्यांचे पोळे झालेले असते. स्वीडनचे ‘वासा’ १६२८ साली बुडाले आणि १९६१ साली जवळजवळ अखंड वर आले, कारण बाल्टिक समुद्राच्या कमी खारट पाण्यात हा जीव जगत नाही. आपल्या अरबी समुद्रात ते भाग्य कोणत्याही जहाजाला नाही.

१५/
म्हणून पश्चिम किनाऱ्यावर जहाजांच्या तळाला चुना आणि तेल-चरबी यांचा लेप देत. तो पुन्हा पुन्हा द्यावा लागे आणि त्यासाठी जहाज पाण्याबाहेर घ्यावे लागे. विजयदुर्गजवळ वाघोटन खाडीकाठी, गिर्ये येथे खडक खोदून केलेली मराठ्यांच्या आरमाराची गोदी आजही पाहता येते. जहाजाचा तळ उघडा पडावा, त्याची दुरुस्ती करता यावी, हाच अशा गोद्यांचा हेतू. मुंबईची कोरडी गोदी १७५० सालची. तिच्या उभारणीशी सुरतेहून १७३६ साली मुंबईत आलेल्या लवजी नसरवानजी वाडिया यांचे नाव जोडलेले आहे.

१६/
वाडियांच्या हातचे लाकूड म्हणजे साग. ब्रिटनमध्ये ओक वापरत. ओक बळकट खरा, पण त्यात तुरट आम्ल असते आणि ते लोखंडी खिळ्याला खाते. गंजलेला खिळा उलट भोवतालच्या लाकडाला खातो. सागाच्या अंगी तेल असल्याने तो लोखंडाशी बराच सलोख्याने नांदतो, पाणी कमी पितो, वाळवी-बुरशीला सहसा बधत नाही. जमशेटजी बोमनजी वाडिया यांच्या देखरेखीखाली मुंबईत बांधलेले ‘त्रिंकोमाली’ १८१७ साली पाण्यात उतरले. ते आजही इंग्लंडमधील हार्टलपूल येथे तरंगत आहे.

१७/
इथे आपल्या कथेचे मुख्य सूत्र हाती येते. साग श्रेष्ठ ठरला तो केवळ स्वतःच्या बळावर नव्हे. शेजारच्या खिळ्याशी त्याचे जमले म्हणून. लाकडाची निवड ही एकट्या लाकडाची निवड कधीच नसते. ते कोणत्या धातूला टेकणार आणि दोघांमध्ये कोणते पाणी शिरणार, हे त्या निवडीतच आले.

१८/
हा धडा ब्रिटिश आरमाराला फार महागात शिकावा लागला. टेरेडोवर उपाय म्हणून १७६१ साली ‘अलार्म’ या ३२ तोफांच्या नौकेचा तळ तांब्याच्या पातळ पत्र्याने मढवला गेला आणि तिला वेस्ट इंडीजच्या उष्ण समुद्रात पाठवले. १७६३ साली परतल्यावर तपासणी झाली. तांबे उत्तम होते. त्याखालचे लाकूड निरोगी होते, शेवाळही नव्हते. फक्त पत्रा धरून ठेवणारे लोखंडी खिळे अनेक ठिकाणी गंजाच्या लगद्यात विरघळले होते.

१९/
तपासणाऱ्यांच्या नजरेला आणखी एक गोष्ट पडली. पत्रे ज्या तपकिरी कागदात गुंडाळून आले होते, तो कागद काही ठिकाणी तसाच राहून गेला होता. जिथे खिळा आणि पत्रा यांच्यामध्ये तो कागद होता, तिथला खिळा शाबूत होता. विद्युत-रसायनशास्त्र जन्माला येण्याच्या कितीतरी आधी त्या कागदाच्या चिटोऱ्याने नियम सांगून टाकला : खाऱ्या पाण्यात तांबे आणि लोखंड यांचा स्पर्श होऊ देऊ नये.

२०/
तरीही अमेरिकन स्वातंत्र्ययुद्धाच्या धामधुमीत आरमाराने शेकडो जहाजे तांब्याने मढवली. तळ स्वच्छ राहिल्याने ती वेगाने धावत, गोदीत कमी येत. पण आतले लोखंडी बोल्ट झिजत होते आणि कोणत्या जहाजाची हाडे किती पोकळ झाली, हे बाहेरून कळत नव्हते. त्या जहाजांवर शेकडो माणसे झोपत होती. १७८० च्या दशकात पाण्याखालचे बोल्ट तांब्याच्या मिश्रधातूचे करण्याचा निर्णय झाला, तेव्हा हा पेच सुटला.

२१/
१८२४ साली हम्फ्री डेव्ही या रसायनशास्त्रज्ञाने उलटा प्रयोग केला. तांब्याला जस्ताचा किंवा लोखंडाचा लहान तुकडा जोडला की झीज त्या तुकड्याच्या वाट्याला येते आणि तांबे वाचते. ज्या जहाजांवर हे अजमावले, त्यांत कोचीनला बांधलेले ‘सॅमरंग’ही होते. तांबे खरोखर वाचले. पण न विरघळणारे तांबे समुद्री जीवांना विषारी राहिले नाही आणि तळावर शेवाळ नि शिंपले दाटले. उपाय मागे घ्यावा लागला. वाचवायचे कोणाला आणि झिजू द्यायचे कोणाला, हे आधी ठरवावे लागते. आजच्या ट्रेलरवरचा जस्ताचा मुलामा याच तत्त्वावर काम करतो : जस्त झिजते, पोलाद राहते.

२२/
आता लाकडाला आतून राखण्याचे उपाय. रेल्वेच्या स्लीपरांनी आणि तारेच्या खांबांनी एकोणिसाव्या शतकात लाकडाची मागणी अफाट वाढवली. १८३८ साली जॉन बेथेल याने दाबाखाली लाकडात क्रिओसोट मुरवण्याचे पेटंट घेतले. त्याच सुमारास फ्रान्समध्ये बुशेरी मोरचूद, म्हणजे तांब्याचा क्षार, झाडाच्या रसवाहिन्यांत उतरवत होता. क्रिओसोट टिकाऊ, पण काळे, चिकट, उग्र वासाचे. मोरचूद स्वच्छ, पण पावसात धुऊन जाणारे आणि लोखंडाला खाणारे.

२३/
हा तिढा सोडवला तो देहरादूनच्या वन संशोधन संस्थेत काम करणाऱ्या सोंटी कामेशम यांनी. १९३३ साली त्यांनी तांबे आणि आर्सेनिक यांच्या जोडीला क्रोमियमचा क्षार घातला. तांबे बुरशीला मारते, आर्सेनिक वाळवीला. क्रोमियम या दोघांना लाकडाच्या तंतूंत असे बांधून टाकते की पाणी त्यांना सहज धुऊन नेऊ शकत नाही. १९३८ साली त्यांना अमेरिकन पेटंट मिळाले. सी.सी.ए. या नावाने हे मिश्रण जगभर पसरले. अमेरिकेतल्या विजेच्या खांबांत, परसातल्या ओट्यांत, मुलांच्या झोपाळ्यांत आणि होड्यांच्या ट्रेलरवरही ते पोहोचले. त्या हिरवट फळीचे मूळ देहरादूनला आहे, हे आपल्याकडेही फार थोड्यांना ठाऊक असते.

२४/
याच काळाच्या पुढे होडी बदलत होती. दुसऱ्या महायुद्धात लढाऊ विमाने बनवणाऱ्या ग्रुमन कंपनीने युद्ध संपता संपता ॲल्युमिनियमच्या हलक्या होड्या काढल्या. मोटार, हलकी होडी आणि ट्रेलर हे त्रिकूट मध्यमवर्गाच्या आवाक्यात आले. म्हणजे आता तांबे मुरवलेल्या फळीवर ॲल्युमिनियमचा तळ टेकू लागला. तांब्यापुढे लोखंड जितके दुबळे, त्याहून ॲल्युमिनियम दुबळे. तरी सी.सी.ए. मध्ये क्रोमियमने तांबे जखडलेले असल्याने दुखणे बरेचसे आटोक्यात राही.

२५/
मग आर्सेनिकचा प्रश्न ऐरणीवर आला. मुले ज्या लाकडावर खेळतात, त्यातून थोडे थोडे आर्सेनिक मातीत आणि हातावर येते, ही चिंता वाढली. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेशी झालेल्या समझोत्यानुसार २००३ सालच्या अखेरीस बहुतेक घरगुती वापराच्या लाकडासाठी सी.सी.ए. थांबले. निर्णय योग्यच होता. त्याच्या जागी ए.सी.क्यू. सारखी नवी मिश्रणे आली. त्यांत आर्सेनिक नाही, क्रोमियमही नाही आणि तांबे मात्र पूर्वीपेक्षा जास्त.

२६/
परिणाम आपण ओळखला असेल. बांधून ठेवणारा क्रोमियम गेला, तांबे वाढले. साधे खिळे लवकर गंजू लागले, म्हणून जाड जस्तलेपाचे किंवा स्टेनलेस पोलादाचे खिळे वापरावेत अशा सूचना निघाल्या. ॲल्युमिनियमचा या लाकडाशी थेट स्पर्श नको, असेही सांगावे लागले. ओल्या जाजमातून झिरपलेले तांबे होडीच्या तळावर बसते आणि तिथे सुईच्या टोकाएवढे खड्डे पडत जातात. ‘अलार्म’च्या तळाशी जे लोखंडाचे झाले, तेच आता ॲल्युमिनियमच्या नशिबी आले. फरक एवढाच की मध्ये कागद ठेवायला कोणाला सुचले नव्हते.

२७/
त्या कागदाची जागा घेणारी वस्तूही योगायोगाने १९३३ सालचीच आहे. कामेशम देहरादूनला आपले मिश्रण सिद्ध करत होते, त्याच वर्षी इंग्लंडमध्ये आय.सी.आय.च्या प्रयोगशाळेत फॉसेट आणि गिब्सन यांच्या एका प्रयोगात भांड्याच्या तळाशी पांढरा, मेणासारखा पदार्थ उरला. तो पॉलिथिन. त्याच कुळातल्या अधिक टणक प्लास्टिकच्या पट्ट्या आज फळीवर बसवतात. त्या पाणी पीत नाहीत, विजेचा प्रवाह वाहू देत नाहीत आणि निसरड्या असतात. कूलोमची चरबी आणि ‘अलार्म’चा कागद, दोन्हींचे काम एकच पट्टी करते.

२८/
पण निसरडेपणालाही किंमत आहे. अशा पट्ट्यांवरून होडी इतकी सहज सुटते की उतारावर पुढचा दोर वेळेआधी सोडला तर ती पाण्याऐवजी काँक्रीटवर जाऊन आदळते. ब्रुनेलला जी भीती वाटत होती, ती निराधार नव्हती. त्याने तिच्यावर योजलेला उपाय तेवढा फसला. जाजमाचे खडबडीतपण होडीला धरून ठेवते, पण ओल साठवते. चार मागण्यांचे भांडण इथेही मिटत नाही, फक्त त्यात कोणाच्या बाजूने उभे राहायचे, ते ठरवावे लागते.

२९/
मग फळी कोणती घ्यावी? इतिहासाचा विद्यार्थी म्हणून मी उत्तर असे मांडीन. होडी फायबरची असेल तर तांबे मुरवलेले लाकूड चालते, खिळे मात्र जस्तलेपाचे किंवा स्टेनलेस असावेत आणि त्यांची डोकी फळीत खोल बसवावीत, म्हणजे ती तळाला ओरखडणार नाहीत. होडी ॲल्युमिनियमची असेल तर तांब्याचे लाकूड टाळावे. सीडर किंवा डग्लस फर अशी फळी न मुरवता घ्यावी. ती लवकर बदलावी लागेल, पण पाचदहा वर्षांनी फळी बदलणे हे तळ बदलण्यापेक्षा नेहमीच स्वस्त. मुरवलेलेच लाकूड वापरायचे असेल तर मध्ये प्लास्टिकची सलग पट्टी हवी. आणि होडी खाऱ्या पाण्यात जात असेल तर प्रत्येक वेळी फळीही गोड्या पाण्याने धुवावी.

३०/
या कथेत मूर्ख कोणीच नाही. तांब्याचा पत्रा मढवणारे शहाणे होते, डेव्ही शहाणा होता, आर्सेनिक थांबवणारेही शहाणेच. प्रत्येकाने समोरचा एक शत्रू नेमका ओळखला आणि त्याला हरवले. नजरेतून निसटला तो शेजारी : खिळा, बोल्ट, होडीचा तळ. ‘सर्वांत चांगले लाकूड कोणते’ हा प्रश्न म्हणूनच अपुरा आहे. ‘ते कोणाला टेकणार आहे’ हा प्रश्न आधी विचारला, तर उत्तराची अर्धी वाट सरते.

३१/
पुढच्या वेळी एखाद्या संग्रहालयात जुने जहाज पाहाल, तेव्हा शिडे आणि तोफा पाहून झाल्यावर क्षणभर खाली वाका. ते कशावर टेकले आहे, आधार किती आहेत, लाकडाला कोणता धातू लागून आहे, हे पाहा. ‘वासा’च्या संग्रहालयात काही हजार पोलादी बोल्ट काढून त्यांच्या जागी न गंजणारे बोल्ट बसवण्याचे काम कित्येक वर्षे चालले, कारण लोखंडाचा गंज ओकमध्ये आम्ल वाढवत होता. जहाज समुद्रातून वाचले तरी त्याची लढाई संपत नाही. ती फक्त तळाखाली जाते.

३२/
आपल्या किनाऱ्यावर, कोकणात किंवा गोव्यात, होड्या वाळूवर ओढताना खाली काय घालतात, त्याला काय लावतात, कोणते लाकूड निवडतात आणि का, हे आपल्या घरातल्या किंवा गावातल्या जाणत्यांकडून ऐकले असेल तर खाली जरूर लिहा. गावाचे नाव आणि वस्तूसाठी तिथे वापरला जाणारा शब्दही लिहा. हे ज्ञान ग्रंथांत फार थोडे उतरले आहे आणि लाकडी होड्यांबरोबर ते शब्दही मावळत चालले आहेत. धागा इथे संपतो.